दोन बोटांचा जोर

जिममध्ये एक वाक्य संध्याकाळभर कानावर पडत असतं. "दादा, जरा सपोर्ट द्याल?" विचारणारा बहुतेक वेळा अनोळखी असतो. ज्याला विचारलं, तो हातातलं डंबेल खाली ठेवतो, बेंचच्या डोक्याशी जाऊन उभा राहतो, आणि पुढचं अर्धं मिनिट त्या अनोळखी माणसाचा गळा आणि छाती याच्या भरवशावर असते.

मग काय होतं ते पाहिलंय कधी? बेंचवर उताणा झोपलेला माणूस रॉड छातीपर्यंत आणतो आणि वर ढकलतो, तो झाला एक काउंट. असे सहा काउंट झरझर होतात. सातव्याला रॉड अर्ध्यावर अडते. दंड थरथरतात, चेहरा लाल होतो, रॉड ना वर जाते ना खाली. मागे उभा असलेला माणूस दोन्ही हातांची दोन-दोन बोटं रॉडखाली टेकवतो, आणि ती वर निघते! उचलणारा उठून बसतो आणि म्हणतो, "शेवटची तूच उचललीस ना?" मागचा म्हणतो, "नाही रे, नुसती बोटं लावली. सगळी तूच मारलीस."

ही समजूत काढण्यासाठीची थाप आहे असं मला कित्येक वर्षं वाटायचं. मग एकदा आकडे मांडून पाहिले, आणि थक्क झालो. ते वाक्य जवळजवळ अक्षरशः खरं आहे.

मांडू या आकडे. रॉड आणि प्लेट मिळून 60 किलो. ती हवेत नुसती धरून ठेवायला 60 किलोचा जोर लागतो, वर सरकवायला त्याहून कणभर जास्त. दमलेल्या माणसाच्या हातातला जोर काही शून्यावर आलेला नसतो. समजा तो अजून 58 किलोचा जोर लावतोय. मग कमी पडतंय किती? फक्त दोन किलो. दुधाच्या अर्ध्या लिटरच्या चार पिशव्या! तेवढ्यासाठी 60 किलो अडून बसलेले असतात. मार्केट यार्डातली भरलेली हातगाडी पुलाच्या चढावर अडते, तेव्हा मागून एखादा पोरगा येऊन हात लावतो आणि गाडी निघते, ते आठवा. गाडी त्या पोरानं ओढलेली नसते. त्यानं फक्त तुटीचा भरणा केलेला असतो.

बरं, रॉड अडते तीही कुठेही अडत नाही. छातीपासून निघताना ती चांगली उसळून निघते. खाली येताना छातीचे आणि दंडाचे स्नायू ताणले गेलेले असतात, त्या ताणाची उसळी पहिले काही सेंटिमीटर फुकटात मिळवून देते. मग उसळी संपते, पण दंड अजून बराचसा आडवाच असतो. वजन खांद्यापासून आडव्या अंतरावर, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला लटकल्यासारखं. घाटातलं सर्वांत अवघड वळण हेच. ते ओलांडलं की हात सरळ होत जातात, वजन हाडांच्या रेषेत येतं आणि रॉड पुन्हा वेग घेते. म्हणून दोन बोटं पुरतात. ती सगळ्या घाटभर लागतच नाहीत, एका वळणापुरती लागतात.

इथवर सगळं साध्या तराजूचं गणित झालं. पण एक प्रश्न राहिलाच की. दोन किलो कमी पडत असताना ती रॉड धाडकन खाली का येत नाही? घाटात इंजिन बंद पडलेली गाडी ब्रेक लावला नाही तर मागे घरंगळते. मग दमलेल्या माणसाच्या हातातली रॉड नुसती अडून कशी राहते, आणि खाली आलीच तर एवढी सावकाश का येते?

याचं उत्तर ज्या प्रयोगात दिसलं तो मला शरीरशास्त्रातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो. 1952 साली लंडनमध्ये ॲबट, बिगलंड आणि रिची या तीन संशोधकांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून बसवल्या आणि एकाच चेननं जोडल्या. एकानं नेहमीसारखे पुढे पेडल मारायचे. दुसऱ्यानं उलट फिरणाऱ्या पेडलना पायानं विरोध करायचा, म्हणजे ब्रेक व्हायचं. चेन एकच, त्यामुळे दोघांच्या पायांवरचा जोर सारखाच. रॉयल सोसायटीत याचं प्रात्यक्षिक झालं तेव्हा पेडल मारायला एक धिप्पाड पुरुष बसला होता आणि विरोध करायला एक लहानखुरी स्त्री. काय झालं असेल? तो घामाघूम होऊन थकला, आणि ती फारशी न दमता त्याला पुरून उरली!

स्नायूची गंमत ही आहे की त्याचा ब्रेक त्याच्या इंजिनाहून दणकट असतो. आखडताना तो जितकं वजन हलवू शकतो, त्याहून बरंच जास्त वजन तो ताणला जाताना पेलू शकतो, तेही कमी खर्चात. आणि हे तुम्ही रोज अनुभवता. गव्हाचा डबा जिन्यावरून वर न्यायचा आणि खाली आणायचा यात केवढा फरक आहे!

असं का? त्यासाठी स्नायूच्या आत डोकवावं लागेल. तिथे दोन प्रकारचे तंतू एकमेकांत गुंफलेले असतात. प्रत्येक जाड तंतूला शेकडो इवल्याशा मुठी असतात. त्या पातळ तंतूला पकडतात, खेचतात, सोडतात, पुन्हा पुढे पकडतात. प्रत्येक खेच मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाएवढी, आणि अशा अब्जावधी खेचा मिळून 60 किलो वर जातात. (तंतू एकमेकांवरून सरकतात ही कल्पना 1954 साली 'नेचर' नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या जोड्यांनी मांडली. एका जोडीत अँड्र्यू हक्सली, दुसरीत ह्यू हक्सली, आणि दोघांचं एकमेकांशी काडीचं नातं नव्हतं!)

आता गणपतीतली रस्सीखेच डोळ्यांसमोर आणा. दोर आपल्याकडे ओढायचा असेल तर प्रत्येकाला हात सोडून पुढे पकडावा लागतो, म्हणजे कोणत्याही क्षणी काही हात रिकामे. पण ओढणं सोडून नुसतं "धरून राहा रे!" असं ठरवलं, तर दोरावरचे हात घट्ट आवळलेलेच राहतात. ओढायला हरलेला संघ धरून ठेवायला पुरेसा ठरतो. मुठींचं अगदी असंच होतं. वजन त्यांना उलट्या दिशेनं ताणतं तेव्हा पकडून बसलेल्या मुठी सहजी सुटत नाहीत. वर टायटिन नावाचं एक प्रथिन आत स्प्रिंगसारखं ताणलं जातं. ते आपल्या शरीरातलं सर्वांत मोठं प्रथिन आहे, तीस हजारांहून जास्त अमिनो आम्लांची एक सलग माळ.

यातून एक विलक्षण गोष्ट घडते. माणसाची ताकद एकदम जात नाही, एका ठरावीक क्रमानं जाते. आधी उचलण्याची जाते. तेव्हा धरून ठेवण्याची शिल्लक असते. मग धरण्याची जाते, तरी सावकाश खाली सोडण्याची उरलेलीच असते. अडकलेली रॉड पडत नाही, ती बुडते. आणि त्या बुडण्याला लागणाऱ्या एक-दोन सेकंदांत मागच्या माणसाचं सगळं काम मावतं. सपोर्ट देणं ज्या सवलतीवर उभं आहे ती शरीरानंच दिलेली आहे.

पण ही सवलत हाताची पकड शाबूत असेपर्यंतच. रॉड हातातून निसटली तर?

सरळ हातांपासून छातीपर्यंतचं अंतर साधारण 40 सेंटिमीटर धरू. मोकळी सुटलेली वस्तू एवढं अंतर किती वेळात कापते? जेमतेम 0.29 सेकंदात. डोळ्यांनी काही पाहून हात हलवायलाच माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. म्हणजे "अरे, सुटली!" हे मेंदूला कळून हात निघेपर्यंत रॉड छातीवर पोचत आलेली असते. आणि पोचली नसली तरी काय? 40 सेंटिमीटर पडलेली 60 किलोची रॉड पुढच्या 5 सेंटिमीटरमध्ये थांबवायला सरासरी 540 किलोचा जोर लागतो. पाचशे चाळीस! तीच रॉड. वेळेवर हात लागला तर दोन किलो, उशीर झाला तर जवळपास साडेपाच क्विंटल. मला हा फरक पहिल्यांदा कळला तेव्हा सपोर्ट देताना इकडेतिकडे बघणं कायमचं बंद झालं. हे ताकदीचं काम नाहीच, वेळेचं आहे. पन्नास किलोची मुलगी नव्वद किलोच्या पैलवानाला उत्तम सपोर्ट देऊ शकते, जर ती वेळेवर तिथे असेल.

2009 साली अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या फुटबॉल संघातला स्टॅफन जॉन्सन बेंच प्रेस करत असताना रॉड त्याच्या हातातून सुटली आणि गळ्यावर आदळली. त्याच्यावर कित्येक तास शस्त्रक्रिया करावी लागली. तो वाचला, हे त्याचं आणि डॉक्टरांचं थोर भाग्य. अडकलेली रॉड आणि सुटलेली रॉड यांतलं अंतर इतकं असतं. म्हणून बेंचवर अंगठा रॉडभोवती वेढलेलाच हवा. मनगट सरळ राहतं म्हणून पुष्कळ जण अंगठाही बोटांच्याच बाजूला ठेवतात. तसं केलं तर रॉड तळव्यावर नुसती टेकलेली असते, तिला अडवणारं कुणी नसतं. सपोर्ट द्यायला गेलात आणि समोरच्याचा अंगठा वेढलेला दिसला नाही, तर सेट सुरू होण्याआधी सांगा. संकोच नको.

आणि म्हणूनच मागच्या माणसाचे हात रॉडला न लागता रॉडबरोबर वरखाली होत राहतात, दोन-चार सेंटिमीटरवरून, सावलीसारखे. तयार राहून मग धावून जायला वेळच नसतो, आधीपासून तिथे असावं लागतं.

हातही कसे? एक तळवा वर, एक खाली. विचित्र दिसतं, पण त्यामागची युक्ती काय सुरेख आहे! दोन्ही तळवे एकाच दिशेला असले तर गोल दांडा बोटं उलगडत दोन्ही हातांतून एकदम घरंगळू शकतो. एक उलट केला की एका हातातून बाहेर निघणारा दांडा दुसऱ्या हाताच्या मुठीत शिरतो. सुटायला त्याला दिशाच उरत नाही.

जाता जाता मागच्या माणसाच्या कमरेचाही विचार करायला हवा. बेंचच्या डोक्याशी उभं राहून छातीवरच्या रॉडपर्यंत पोचायचं म्हणजे वजन आपल्या कण्यापासून अर्ध्या मीटरवर. कमरेचे स्नायू मात्र कण्याच्या सांध्यापासून जेमतेम 5 सेंटिमीटरवर. दहास एक. म्हणजे हातांत 20 किलो आले तर ते पेलायला कमरेच्या स्नायूंना 200 किलोंची ओढ लावावी लागते! म्हणून पाय रोवून, गुडघे थोडे वाकवून, पाठ सरळ ठेवून बेंचला जितकं खेटून उभं राहता येईल तितकं राहायचं. कमरेत वाकून लांबून हात पुढे करणारा माणूस दुसऱ्याला वाचवताना स्वतःची पाठ गमावून बसतो.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. बुडणारा माणूस "वाचवा!" असं ओरडू शकत नाही म्हणतात. रॉडखाली अडकलेल्या माणसाचंही तसंच आहे, त्याला बोलताच येत नाही! का?

जड वजन घेताना माणूस नकळत छातीभर श्वास घेतो आणि कोंडून धरतो. घशातली झडप बंद, पोट घट्ट. पोटात आणि छातीत दाब चढतो आणि धड भरलेल्या सिलिंडरसारखं टणक होतं. रिकामी प्लास्टिकची बाटली मुठीत चुरगळते, पण झाकण घट्ट लावलेली सोड्याची बाटली चुरगळून दाखवा बरं! या कोंडलेल्या श्वासाला अंतोनिओ वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं नाव आहे. गंमत म्हणजे त्याला वजनांशी काही घेणंदेणं नव्हतं. 1704 साली त्यानं कानाच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. घाटात कानाला दडे बसल्यावर आपण नाक दाबून फुंकतो ना, तीच ही क्रिया.

त्या क्षणी शरीरात काय उलथापालथ होते याची कल्पना येण्यासाठी एक आकडा पुरे. 1985 साली कॅनडात मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी पाच मुरलेल्या शरीरसौष्ठवपटूंच्या हाताच्या धमनीत थेट नळी घालून, त्यांना लेग प्रेस, म्हणजे पायांनी वजन ढकलायला लावून रक्तदाब मोजला. डॉक्टरकडे आपला 120/80 आला की आपण खूश होतो. तिथे एकाचा 480/350 पर्यंत गेला! काही क्षणांपुरता, आणि नंतर झर्रकन खालीही आला. (रक्तदाबाचा त्रास असलेल्यानं जड वजनाला हात घालण्यापूर्वी डॉक्टरला का विचारावं, ते यावरून कळेल.)

घशाची झडप बंद म्हणजे आवाज बंद. बोलायला श्वास सोडावा लागतो, आणि श्वास सोडला की तो टणक सिलिंडर पंक्चर होतो. म्हणजे ज्या घडीला मदत सर्वांत जास्त हवी, नेमक्या त्याच घडीला ती मागता येत नाही. मग मागच्या माणसानं कळायचं कसं?

रॉडच सांगते. तिचा वेग पाहायचा. खेळाच्या शास्त्रज्ञांनी रॉडला वेगमापक जोडून असंख्य सेट मोजले तेव्हा एक अजब गोष्ट हाती आली. एखाद्याला जेमतेम एकदाच उचलता येईल इतकं वजन बेंचवर दिलं, की ते वर जाण्याचा सरासरी वेग सेकंदाला साधारण 15 ते 17 सेंटिमीटर असतो. कुणाचं ते वजन 50 किलो असेल, कुणाचं 150. वजन तिप्पट, पण शेवटचा वेग थोड्याफार फरकानं तोच! दमून थांबण्याआधीचा शेवटचा काउंटही याच वेगाच्या आसपास रेंगाळतो. जणू प्रत्येकाच्या काट्यावर "टाकी रिकामी" ही खूण एकाच जागी कोरलेली आहे. स्क्वॉटमध्ये, म्हणजे रॉड खांद्यांवर घेऊन बसून उठताना, ती खूण साधारण दुप्पट वेगावर येते, म्हणून तिथे आधीच सावध व्हावं लागतं.

मागे उभ्या असलेल्या माणसाला हे आकडे ठाऊक असायची गरज नाही. त्याला वेग दिसतो. पहिले काउंट सेकंदाभरात वर जातात, पाचवा जरा जड, सहावा अजून जड, आणि सातव्याला दोन-अडीच सेकंद लागले की आठवा अडणार हे त्याला उचलणाऱ्याच्याही आधी कळतं. आणखीही खुणा असतात. रॉड एका बाजूला कलते. जमिनीवर रोवलेले पाय हलतात. कंबर बेंचवरून उचलली जाते. कोपर बाहेर फाकतात. चांगला सपोर्ट देणारा माणूस चेहरा बघत नाही, कारण चेहरा पहिल्या काउंटपासूनच वेडावाकडा असतो!

आणि बोलायचं ते सगळं झडप बंद होण्यापूर्वी बोलून घ्यायचं.

"किती मारणार?"

"आठ. सहानंतर लक्ष ठेव."

"उचलून देऊ का?"

"हो, तीनला. एक, दोन, तीन..."

चार वाक्यं, पण पाहा त्यांत काय काय आलं. लक्ष कधी वाढवायचं ते ठरलं. रॅकमधून रॉड काढायला हात हवा का ते ठरलं. तो हात हवाच असतो. कारण डोक्यामागच्या आकड्यांतून रॉड पुढे ओढताना खांदा सर्वांत कमकुवत अवस्थेत असतो. पाणवठ्यावर भरलेला हंडा डोक्यावर चढवायला दुसरीचा हात लागतो. एकदा चढला की बाई घरापर्यंत एकटीच नेते. इथेही तसंच. आणि तीनचा आकडा ठरला नसेल तर एक जण दोनला उचलतो, दुसरा तीनला.

मदत द्यायची तीही मोजून. रॉड रेंगाळली की पुरतं तेवढंच, वेग मरू न देण्याइतकं. हिसका देऊन ओढून घेतली तर खालचा माणूस चकून जोर सोडतो, आणि तो 58 किलोचा जोर एकाएकी नाहीसा होतो. आता सगळे 60 तुमच्या कमरेवर! पण रॉड खाली बुडायलाच लागली, तर मात्र हातचं राखायचं नाही. "घेतली!" असं मोठ्यानं सांगायचं आणि दोन्ही बाजू रॅकच्या आकड्यांत बसेपर्यंत सोडायची नाही. एक बाजू बसली आणि दुसरी आकड्याच्या बाहेर राहिली, असं घडतं. "खण्ण" असा आवाज दोनदा ऐकू आला पाहिजे.

डंबेलचं थोडं वेगळं. पुष्कळ जण कोपरांखाली हात लावतात. पण कोपर म्हणजे बिजागरी. बिजागरीला ढकललं की दार मिटतं, आणि मिटलेल्या हातांतली डंबेल्स थेट चेहऱ्यावर येतात. आधार मनगटांपाशी द्यायचा.

स्क्वॉटला एकटा मागे उभा राहत असेल तर तो रॉडला हात लावत नाही. तो उचलणाऱ्याबरोबरच खाली बसतो, बरोबरच उठतो, आणि वेळ आली तर त्याच्या छातीभोवती हातांचा वेढा घालून माणसालाच वर घेतो. वजन खूप असेल तर दोन जण दोन टोकांना उभे राहतात, आणि मग खरी कसोटी लागते. रॉड 2.2 मीटर लांब. एकानं अर्धा क्षण आधी उचललं की सगळी तिरकी होते आणि मधल्या माणसाचा कणा पिळला जातो. म्हणून दोन टोकांच्या दोघांना तालात उचलावं लागतं, पालखीच्या भोयांसारखं.

आणि काही ठिकाणी मदतीला जाऊच नये! डेडलिफ्टमध्ये रॉड जमिनीवरूनच उठते, सुटली तर जमिनीवरच जाते, मध्ये कुणी सापडत नाही. ऑलिंपिक पद्धतीच्या स्नॅच किंवा क्लीन अँड जर्कमध्ये तर रॉड डोक्यावर जाते, सुटली तर मागे उभा राहणाराच चिरडला जाईल. सांगलीच्या संकेत सरगरनं 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात एकूण 248 किलो उचलून रौप्य मिळवलं, सुवर्ण एका किलोनं हुकलं. क्लीन अँड जर्कमध्ये त्याचं कोपर दुखावलं, तेव्हा त्याच्या आसपास कुणीच नव्हतं, आणि तेच बरोबर होतं. तिथे मोकळी जागा हाच सपोर्ट असतो.

मग बेंचलाच माणूस का लागतो? याचं उत्तर मला एका जुन्या पैलवानाच्या गोष्टीत सापडलं. जॉर्ज हॅकेनश्मिट, आजच्या एस्टोनियात जन्मलेला, जगभर गाजलेला कुस्तीगीर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यानं 164 किलो वजन पाठीवर झोपून वर ढकललं. पण बेंचवर नाही, जमिनीवर! तेव्हा बेंच नव्हतंच. रॉड डोक्यावरून छातीकडे गडगडत आणायची आणि ढकलायची. मोठ्या प्लेटचा व्यास आज 45 सेंटिमीटर असतो, म्हणजे जमिनीवर टेकलेल्या रॉडचा दांडा 22.5 सेंटिमीटर उंच. खाली झोपलेल्या माणसाचा चेहरा आणि गळा त्या खालच्या जागेत मावतो. जोर संपला तर प्लेट जमिनीवर टेकतात आणि वजन जमीन घेते. जमीनच सपोर्ट देत होती!

मग बेंच आलं. पॉवरलिफ्टिंगच्या नियमात त्याची उंची 42 ते 45 सेंटिमीटर आहे. माणूस तेवढा वर उचलला गेला, हातांना खालपर्यंत जायला मोकळीक मिळाली, छातीचा व्यायाम कितीतरी चांगला होऊ लागला, आणि जमीन मात्र दूर गेली. प्लेट आता अधांतरी. जमिनीची ती रिकामी झालेली जागा भरून काढायला बेंचच्या डोक्याशी माणूस येऊन उभा राहिला.

त्या माणसाचं कौशल्य कुठवर जाऊ शकतं हे पाहायचं तर पॉवरलिफ्टिंगच्या मंचावर पाहावं. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमानुसार तिथे किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच मदतनीस असतात. रॅकमधून रॉड काढून द्यायला त्यांना परवानगी आहे. पण पंचाच्या सुरुवातीच्या इशाऱ्यापासून शेवटच्या इशाऱ्यापर्यंत त्यांच्यापैकी कुणाचं बोट जरी रॉडला लागलं, तर ती उचल बाद. खेळाडूची वर्षभराची मेहनत एका स्पर्शात जाऊ शकते, आणि एका स्पर्शाच्या उशिरानं तो खेळाडूही. म्हणून ते हात अडीच-तीनशे किलोंच्या रॉडपासून काही सेंटिमीटरवर तरंगत राहतात, लागत नाहीत आणि दूरही जात नाहीत.

आणि आता हे ऐका. न लागलेल्या हातांनी वजन उचलायला मदत होते का? वेडा प्रश्न वाटेल. पण इंग्लंडमधल्या संशोधकांनी 2019 साली तो खरोखरच तपासल्याचं प्रसिद्ध झालं. व्यायामाची सवय असलेले बारा जण घेतले. प्रत्येकाला त्याच्या कमाल वजनाच्या 60 टक्के वजन देऊन, हात थकून अडेपर्यंत बेंच प्रेसचे तीन सेट करायला लावले. एका दिवशी सपोर्ट देणारे समोर दिसत होते. दुसऱ्या दिवशीही ते तिथेच उभे होते, पण अपारदर्शक पडद्याआड. झोपलेल्या माणसाला वाटत होतं, आपण एकटे आहोत.

वजन तेच, बेंच तेच, हात तेच. सपोर्ट दिसत होता त्या दिवशी तीन सेट मिळून सरासरी साडेचार काउंट जास्त झाले, आणि एवढं जास्त उचलूनही श्रम कमी वाटले. पडदा तेवढा बाजूला होता.